गुरुवारची भेट

१५ जूनला सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सुरकुतलेले दोन हात, त्यांवर एक तरुण हात, खाली "जागतिक ज्येष्ठ नागरिक अत्याचार जागृती दिन". हा दिवस २००६ पासून पाळतात, २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला मान्यता दिली. आमच्या ग्रुपवर त्याला सतरा नमस्कार आले, त्यात एक माझाही. नमस्कार टाकला खरा, पण मग दिवसभर कशातच लक्ष लागेना. कारण नानांविषयी त्या ग्रुपवर आजवर कुणी, अगदी मीसुद्धा, एक अक्षर लिहिलेलं नाही.

म्हणून इथे लिहितेय. घरातली बरीच मंडळी हे वाचतात, तेव्हा आधीच सांगते, कुणाला दोष द्यायला बसलेली नाही. दादाला (म्हणजे नानांच्या मुलाला) फोन करून विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "लिही. त्या जागेचं नाव मात्र टाकू नकोस." तर नाव नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. साताऱ्याकडून १९६८ साली पिंपरीत आले, टेल्कोच्या टूलरूममध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. २००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण नाना शेवटपर्यंत 'टेल्को'च म्हणायचे. हातात मायक्रोमीटर धरून आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे सगळं कसं मापात. त्यांच्या नखांची तर घरात थट्टा चालायची. दर रविवारी सकाळी पेपर पसरून बसायचे आणि नखं कापून वर छोट्या कानशीने घासायचे. "टूलरूमच्या माणसाचं नख वाढलेलं दिसलं तर समज काहीतरी बिघडलंय," असं म्हणायचे. मी हसायचे.

काकू २०१९ मध्ये गेल्या. २०२१ मध्ये नानांना झटका आला आणि डावा पाय अधू झाला. दादा जर्मनीत. प्राधिकरणातल्या घरात चोवीस तासांचा माणूस ठेवून पाहिला, वर्षात पाच माणसं बदलली. आमच्याकडे दोन खोल्या आणि त्यातल्या एकीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी २०२२ मध्ये चाकणच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत, एका बंगल्यातल्या केअर सेंटरमध्ये नानांना ठेवायचं ठरलं. पुढे झाडं, पांढरा रंग, हॉलमध्ये विठ्ठलाचा मोठा फोटो. दादा व्हिडिओ कॉलवर सगळं बघून म्हणाला, छान आहे. मलाही छान वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

एक गंमत सांगते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की बाळंतपणाचं नाहीतर ऑपरेशनचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. परदेशात ज्याला ते नर्सिंग होम म्हणतात त्याला आपल्याकडे धड शब्दच नाही. वृद्धाश्रम म्हणावं तर तो निराधारांचा, असं मनात बसलेलं. पुण्यातला 'निवारा' डेव्हिड ससूनच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, तो असाच निराधारांसाठी. मग पैसे मोजून ठेवायच्या जागेला कुणी केअर सेंटर म्हणतं, कुणी शुश्रूषा केंद्र. आपलं माणूस निराधार नाही हे त्या नावाने आपण स्वतःला पटवून देतो, असं मला आता वाटतं.

तर भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. निगडीहून स्पाईन रोडने मोशी, मग इंद्रायणी ओलांडून चाकण. ट्रेलरच्या रांगेत अडकलं की दीड तास. निघण्याआधी फोन करायचा असा तिथला नियम होता. "येताय ना ताई? म्हणजे नानांना तयार ठेवतो." आणि खरंच नाना तयार असायचे. केस विंचरलेले, पावडर लावलेली, हॉलमध्ये विठ्ठलासमोर खुर्चीत. कसे आहात विचारलं की म्हणायचे, "एकदम छान गं. तुम्ही माझी काळजी करू नका."

आता मागे वळून त्या रविवारांची उजळणी करते तेव्हा एकेक गोष्ट समोर येते. मी गेल्या गेल्या त्यांनी माझ्या बाटलीतलं पाणी मागावं आणि बोलण्याआधी जवळजवळ सगळं संपवावं, हे किती वेळा झालं! मी म्हणायचे, ऊन काय आहे बाहेर. अंगात दुसऱ्याच कुणाचा शर्ट असायचा. उत्तर मिळायचं, धुण्यात बदलतात हो. कवळी दिसली नाही तर, हिरड्या दुखतात म्हणून काढून ठेवली. कानाचं मशीन नाही तर, सेल संपलाय. तो सेल तीन रविवार संपलेलाच होता. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायला लागलं, तर म्हणे म्हातारपणी वजन उतरतंच. एकदा मनगटाभोवती जांभळट पट्टा दिसला. सलाईन लावलं होतं, म्हणाले. सलाईनचा डाग सुईपाशी पडतो, मनगटाभोवती बांगडीसारखा पडत नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं की. पण उत्तर मिळालं की हायसं वाटायचं. आणि नाना उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघायचे, तिथे उभ्या असलेल्या पोराकडे. तेही मी बघितलं होतं.

आणि नखं. नखं तर इतकी वाढली होती की आत काळं साचलेलं. मी म्हटलं, "नाना, हे काय?" तर हात पंचाच्या आत घेतला.

असे चौदा महिने गेले.

नवऱ्याच्या कंपनीला, इथल्या एमआयडीसीच्या रिवाजाप्रमाणे, गुरुवारची सुट्टी. २०२३ च्या ऑक्टोबरमधला एक गुरुवार. आमचा भाचा चाकणला एका कंपनीत नुकताच लागला होता, आंबेठाण चौकाजवळ खोली घेतली होती. त्याची गादी आणि दोन भांडी पोचवायला आम्ही गेलो. काम अकरालाच आटोपलं. नवरा म्हणाला, आलोच आहोत तर नानांना भेटून जाऊ. फोन करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यात माझी काहीही हुशारी नाही.

दार उघडणारा पोरगा आम्हाला बघून चमकला. "आज भेट नसते ताई, साहेबांना विचारतो." तो फोन लावत होता तेवढ्यात मी आत गेले. हॉल रिकामा. मागच्या बाजूची खोली मी चौदा महिन्यांत कधी पाहिलेली नव्हती. चार खाटा, एक बंद पंखा आणि लघवीचा उग्र वास. नाना खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. कमरेला ओढणीने खुर्चीच्या पाठीशी बांधलेले, उजवा हात हाताशी. लेंगा ओला. मान छातीवर. भर दुपारी गाढ झोप. पाण्याचा तांब्या होता, नाही असं नाही. पण तो कट्ट्यावर, त्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर.

मी चार-पाच हाका मारल्या तेव्हा डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आज रविवार आहे?"

त्या दिवशी संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. डॉक्टर तरुण होते, आवाज चढवला नाही त्यांनी. जीभ बघितली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. नानांना कुशीवर वळवलं आणि मला म्हणाले, हे बघून घ्या. माकडहाडावर रुपयाएवढी उघडी जखम होती. एकाच जागी बसवून किंवा निजवून ठेवलं की हाड आतून दाबतं, तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. म्हणून न हलणाऱ्या माणसाला अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. आधी नुसती लाली येते. बोट दाबून सोडलं तरी ती लाली फिकी पडत नसेल तर समजावं की सुरुवात झाली. "ही जखम दोन दिवसांची नाही," डॉक्टर म्हणाले. पाण्याचंही त्यांनीच सांगितलं. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, पाणी हातात नेऊन द्यावं लागतं. आणि जिथे माणसं कमी असतात तिथे पाणी मुद्दाम कमी दिलं जातं. पाणी कमी दिलं की डायपर कमी बदलावे लागतात. इतकं साधं गणित.. मला ते चौदा महिन्यांत सुचलं नव्हतं. फायलीत झोपेच्या गोळीची नोंद होती, ती कुठल्या डॉक्टरने लिहून दिली ते मात्र कुठेच नव्हतं.

नंतर खूप विचार केला, की मला दिसूनही दिसलं का नाही? मला वाटतं मी छळ शोधत होते. मारलं का, शिव्या दिल्या का, पैसे काढून घेतले का.. तसं काही दिसलं असतं तर मी नक्की भांडले असते. पण नानांची जी झाली ती आबाळ. आजीच्या तोंडी हा शब्द कायम असायचा, "पोराची आबाळ होतेय". आबाळ म्हटलं की गुन्हेगार कुणी नसतो, परिस्थिती असते. छळाचा राग येतो, आबाळीची नुसती हळहळ वाटते. पण ज्याच्या पाठीला भोक पडलंय त्याला ह्या दोन शब्दांतला फरक काय कळणार?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ ओकडेन नावाचं सरकारी केंद्र होतं, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी. तिथल्या बॉब स्प्रिग्ज यांच्या अंगावर २०१६ मध्ये न उलगडणारे काळेनिळे डाग दिसले. त्यांच्या बायकोने आणि मुलांनी ते प्रकरण धरून ठेवलं, ते गेल्यावरही सोडलं नाही. २०१७ मध्ये चौकशी झाली आणि ओकडेन बंद पडलं. २०१८ मध्ये साऱ्या देशातल्या वृद्धसेवेवर रॉयल कमिशन बसलं. त्या कमिशनच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नाव एका शब्दाचं आहे, त्याचा मराठीत अर्थ हेळसांड. इतका श्रीमंत देश, कायदे, तपासणीस सगळं असून! आणि आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमात हात बांधलेल्या आजींचा व्हिडिओ बाहेर आला. राज्य महिला आयोग आणि पोलिसांनी छापा टाकला तेव्हा आत खोल्यांमध्ये कोंडलेली म्हातारी माणसं सापडली. ती बातमी मी पूर्ण वाचू शकले नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की साठीपुढच्या साधारण दर सहा जणांतल्या एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा त्रास दिला जातो. हे घरात, समाजात राहणाऱ्यांचं. संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना विचारलं तेव्हा दर तिघांत दोघांनी कबूल केलं की वर्षभरात आपल्या हातून असं काहीतरी घडलं. दर तिघांत दोघे! एवढी सगळी माणसं दुष्ट कशी असतील?

त्या पोराशी मी त्याच दिवशी भांडले होते. "बांधलं का त्यांना?" म्हणून ओरडले. तो म्हणाला, "पडतात हो ताई. पडले की साहेब माझा पगार कापतात." मग हळू आवाजात म्हणाला, "रात्री मी एकटाच असतो. अठरा जण आहेत." मराठवाड्यातून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा. चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर सात महिने काम केलं, मग ब्रेक मिळाला. गावाला काय तोंड दाखवायचं म्हणून इथे लागला. माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने केलं ते बरोबर असं मी म्हणत नाही, ओढणीची गाठ त्यानेच मारली होती. पण महिन्याला इतक्या कमी पैशात सगळं कसं जमतं हे आम्ही ठेवताना विचारलंच नव्हतं. रात्री माणसं किती, हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं.

कायद्याचंही थोडं बघितलं. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा महाराष्ट्रात २००९ पासून लागू आहे. त्याचा मुख्य रोख मुलांवर आणि वारसांवर. पोटगी द्या (महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार), टाकून दिलंत तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खाजगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पण एक कलम मला सापडलं ते १८६० चं आहे. असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा करार करून जाणूनबुजून ती न करणं हा भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, कलम ४९१. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली तेव्हा त्याचं ३५७ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. म्हणजे आबाळ हा गुन्हा आहे हे दीडशेहून अधिक वर्षं लिहून ठेवलेलं आहे. मलाच माहीत नव्हतं. शिवाय १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. हा नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय.

आता जे सांगायला सगळ्यात जड जातंय ते. आम्ही नानांना घेऊन आलो आणि तिथे सतरा जण मागे राहिले. मी लेखी तक्रार केली ती तब्बल चार आठवड्यांनी. नाना नको म्हणत होते, दादा म्हणत होता आधी डिपॉझिट परत येऊ दे, आणि मला तर रडू येण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. रविवारी हॉलमध्ये चहा पिताना ओळख झालेल्या दोन घरांचे नंबर माझ्याकडे होते. त्यांना फोन केला, म्हटलं, एकदा न सांगता जाऊन या. एक ताई दुसऱ्याच दिवशी गेल्या आणि आठवड्यात आईला घेऊन आल्या. दुसरे गृहस्थ म्हणाले, "आमचे वडील तर म्हणतात सगळं छान आहे." मी काय बोलणार? नानाही तेच म्हणायचे. तक्रारीनंतर तिथे रात्रीला दोन माणसं आली असं कानावर आलं. त्यापलीकडे काय झालं ते माहीत नाही.

नाना पुढे आमच्याच घरी, हॉलमध्ये दिवाणावर राहिले. जागा झाली. आधी होत नव्हती ती कशी झाली, विचारू नका. जखम भरायला साडेतीन महिने लागले. एकदा त्यांना वळवताना मी धीर करून विचारलं, "नाना, मी दर रविवारी येत होते. एकदा तरी सांगायचं होतंत." ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तू सहाला निघायचीस गं. पुढची रात्र मला त्यांच्याकडेच काढायची असायची."

२०२४ च्या पावसाळ्यात नाना गेले. झोपेतच गेले, घरी. दर गुरुवारी मी पेपर पसरून त्यांची नखं कापायचे आणि त्यांच्याच कानशीने घासायचे. कडा नीट गोल झाली नाही की बोट पुढे करून दाखवायचे, इथे राहिलंय.

असो. खूप लांबलं. तुमचं कुणी असं कुठे राहत असेल तर ह्या आठवड्यात मधल्याच एखाद्या वारी जाऊन या. फोन न करता. हॉलमध्ये बसू नका, त्यांच्या खाटेपर्यंत जा. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताला लागतो का बघा, पाठ बघा, आणि नखं बघा.